मामाच्या छातीतला स्क्रू

...नाही, आणि सिस्टर मला म्हणतात कशा, ‘सर, तुम्ही फक्त उभं राहायचं आणि सांगायचं, बाकी काही नको.’ फक्त! अहो, ते फक्तच तर जड जातंय. त्यापेक्षा जिने झाडायला लावा, झाडतो, तिन्ही मजल्यांचे पंखे पुसायला लावा, पुसतो. पण हे सांगणं... तुमची ही सातवी बॅच. याआधी सहा वेळा इथे, याच टेबलापाशी, या बाहुल्याच्या उशाशी उभं राहून मी हेच सांगितलंय, आणि लोक म्हणतात माणसाला कशाचीही सवय होते, तर तुम्हाला सांगतो, नाही होत. लाज वाटते. पण सांगायचंच आहे, तेव्हा सांगतो. मागचे दोघं जरा पुढे या, एकदा बोललेलं परत बोलायची माझ्यात ताकद नाही.

तर मी इथला इलेक्ट्रॉनिक्सचा सर. तळमजल्यावर जिन्याखालची खोली, जिथून सोल्डरचा वास येतो आणि तुम्ही सगळे नाकाला रुमाल लावून पळता, ती माझी. आता सर म्हणजे काय, मी काही सर म्हणून जन्माला आलो नव्हतो. एकोणतीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. रेडिओ, टीव्ही, इस्त्री, मिक्सर, रिमोट, काय म्हणाल ते. मग लोकांनी वस्तू दुरुस्त करायच्या सोडल्या आणि फेकायला सुरुवात केली, आणि त्याच सुमाराला या कॉलेजने बोलावलं, की अनुभवी कारागीर हवाय, मुलांना हाताचं काम शिकवायला. आणि मुलं तरी कुठली, तुम्ही बघताच आहात, एकाच बाकावर सतरा वर्षांचा मुलगा आणि शेजारी नातवंडं असलेल्या आजी. मला आवडलं. दोन वर्षं मजेत गेली. कुणी विचारलं नाही तुम्ही शिकलात किती, आणि मीही होऊन सांगितलं नाही. झाकली मूठ.

तिसऱ्या वर्षी नवे प्राचार्य आले. त्यांनी पहिल्याच मीटिंगला फर्मान काढलं. प्रत्येक शिक्षकाने दोन कोर्स करायचे, एक शिकवायचं कसं याचा, आणि दुसरा तातडीच्या वैद्यकीय मदतीचा, आणि दोन्हीची सर्टिफिकेटं आणून टेबलावर ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट नाही. मी म्हटलं, साहेब, शिकवायचं ठीक आहे, पण ते दुसरं कशाला? तर म्हणाले, ‘तुमच्या वर्गात वीज असते, उद्या कुणाला धक्का बसला तर?’ एकोणतीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू चालू करणारा मी, मला आता माणूस बंद पडला तर काय करायचं ते शिकायचं होतं.

म्हणजे बघा, सकाळी तळमजल्यावर मी सर, मंगळवारी दुपारी पहिल्या मजल्यावर मी विद्यार्थी, गुरुवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर परत विद्यार्थी. जिना चढेल तशी माझी पायरी उतरत जायची.

हे मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, ‘गुरुवारच्या वर्गाला मीही येते.’ मी म्हटलं, तू कशाला? तर नुसती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, ‘बाबांना उद्या काही झालं तर मला हातावर हात धरून बसायचं नाहीये.’ बाबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे, आमच्याकडेच असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. निवृत्त हेडमास्तर. हृदयाचा एक झटका येऊन गेलेला, गोळ्यांचा डबा सतत उशाशी. आणि मी कॉलेजात शिकवायला लागलो हे कळल्यावर हेडमास्तरांची प्रतिक्रिया काय, तर चष्मा खाली घेऊन, ‘तुम्ही? काय शिकवणार?’ एवढंच. पुढे तीन वर्षं रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की तोच प्रश्न, फक्त न बोलता.

तर दुसऱ्या मजल्यावर शिकवायला या आपल्या सिस्टर. आत रजिस्टर भरतायत त्या. वीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेली आणि रविवारी अजूनही ड्युटीवर जाणारी बाई, उंची माझ्या खांद्याएवढी, पण आवाज असा की मेलेला उठून बसावा, आणि त्यांच्या धंद्यात ते बरंच आहे म्हणा. आणि टेबलावर हा मामा. कमरेपर्यंतचा, रबरी, तोंड उघडं. याला मामा का म्हणतात? तर काहीही करा, तक्रार नाही. शेजारी एक डबी असायची, तिच्यावर दोन दिवे. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दाबायचं, चांगलं पाच सेंटीमीटर आत, मिनिटाला शंभराच्या वर, दाब पुरला तर हिरवा, नाही पुरला तर लाल. परीक्षा काय? सलग तीस हिरवे. बस्स.

मी दाबलं. लाल.

परत दाबलं. लाल. अहो, अंगाला घाम फुटला, चष्मा नाकावरून मामाच्या तोंडात पडला, तरी लाल. कारण काय ते सांगतो. माझं सगळं आयुष्य गेलंय हलक्या हातात. तांदळाएवढा भाग चिमट्यात धरून बसवायचा, श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हीच माझी विद्या, हाच माझा गर्व. जोर लावला की वस्तू मोडते हे माझ्या हाडात भिनलेलं. आणि सिस्टर कानाशी, ‘सर, कुरवाळताय काय त्याला? तो माणूस मेलाय असं धरून चाला. त्याला आता दुखणार नाहीये.’ आणि त्याच वर्गात माझ्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन विद्यार्थिनी, पहिल्या झटक्यात हिरवा लावून बाजूला उभ्या, त्यातली एक अगदी मनापासून म्हणते, ‘सर, जरा अंग टाकून दाबा ना.’ मी तिला सकाळीच सांगितलं होतं की तुझं सोल्डरिंग म्हणजे चिखल आहे.

बायकोचंही तेच. हात बारीक, आणि मनात भीती, दुखेल, मोडेल. लाल, लाल, लाल.

आणि मग एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत... सांगायला लाज वाटते, पण सांगायचंच आहे. वर्गात कोणी नव्हतं. मी सरावाला म्हणून लवकर आलो होतो, देवाशपथ सरावालाच. आणि मामाच्या कुशीला एक चेन असते, ती अर्धी उघडी. आता तुम्ही मला सांगा, हलवायासमोर कढई आणि माझ्यासमोर उघडी वस्तू, हात शिवशिवणार की नाही? डोकावलो. आत एक स्प्रिंग, तिच्याजवळ छोटी पट्टी, आणि पट्टीवर इवलासा स्क्रू. तो फिरवला की हिरवा कधी लागायचा ते ठरतं. एवढं साधं. मी मनाशी म्हटलं, हा सेन्सर जड झालाय, जुना झालाय, याला जरा जागेवर आणायला हवं. धंद्यातली सवय हो. गिऱ्हाईक वस्तू घेऊन आलं की बिघाड वस्तूत असतो, माणसात नसतो, हे गृहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, मी तर कुदळ घेऊन अंगणच सपाट करायला निघालो. खिशात पेचकस होताच. पाव वळसा दिला. दाबून बघितलं. लाल. आणखी पाव वळसा. हिरवा.

आणि खरं सांगू? पहिल्या पाव वळशाला मी स्वतःला फसवत होतो. दुसऱ्याला नाही. दुसऱ्याच्या वेळी मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतोय ते.

दुपारी वर्ग भरला. पहिला मी. तीसच्या तीस हिरवे. मग बालवाडीच्या बाई, ज्यांनी उभ्या जन्मात मुंगी मारली नसेल, त्यांचे तीस हिरवे. मग वाचनालयातले आजोबा, ग्रंथपाल, हात थरथरतायत, तरी हिरवे. सिस्टर एका हाताने रजिस्टरात खुणा करतायत, डोळे दिव्यावर, म्हणतायत, ‘आज काय खाऊन आलात रे सगळे?’ आणि मग आमची ही. पहिला हिरवा लागला तशी ती दचकली. मग दुसरा, तिसरा... तीस झाल्यावर उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘अहो, जमलं मला.’ मी टाळ्या वाजवल्या. मी, सगळ्यांच्या आधी मी वाजवल्या.

बावीस जण पास झाले त्या दिवशी. बावीस.

त्यानंतरचे पाच आठवडे माझे कसे गेले विचारू नका. चोराच्या मनात चांदणं. सर्टिफिकेट हिने फ्रिजवर लावलं, माझंही शेजारी. रोज संध्याकाळी चहा झाला की ही सोफ्यावरची उशी जमिनीवर घ्यायची, गुडघ्यांवर बसायची आणि सराव करायची, एक, दोन, तीन, चार, आणि दाब कसा, तर बाळाला थोपटतात तसा. कारण तेवढ्यालाच हिरवा लागला होता ना. तिच्या हातांना मीच ते शिकवलं होतं. मी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. एकदा म्हटलं, जरा जोरात दाबलं तर? तर म्हणाली, ‘तुम्ही गप्प बसा हो, बरगड्या मोडतील बाबांच्या. मला अंदाज आलाय आता.’ आणि सासरे आरामखुर्चीतून बघत असायचे, त्यांच्या लेकीकडे, इतक्या कौतुकाने, की मला तिथून उठून गॅलरीत जावं लागायचं.

का नाही सांगितलं? कॉन्ट्रॅक्ट होतं, ते एक. पण कॉन्ट्रॅक्टचं मी निभावलं असतं. मला तिचा तो चेहरा बिघडवायचा नव्हता. म्हणजे मला तरी तेव्हा असं वाटायचं. आता वाटतं, मला माझा चेहरा बिघडवायचा नव्हता.

आणि जखमेवर मीठ म्हणजे मंगळवारचा वर्ग. शिकवायचं कसं हे शिकवणाऱ्या मॅडमनी निबंध दिला, ‘शिक्षकाने आपली चूक वर्गासमोर मान्य करावी का?’ मी चार पानं लिहिली. पोटात साठलेलं होतं ना, ते भलतीकडून बाहेर आलं. चूक लपवणारा शिक्षक मुलांच्या हातात चूकच देतो, असं काहीतरी लिहून गेलो. मॅडमनी तो वर्गात मोठ्याने वाचला. गदगदल्या. म्हणाल्या, ‘इतका सच्चा माणूस मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.’ पैकीच्या पैकी गुण. आणि घरी हेडमास्तरांनी तो निबंध मागून घेतला, पेन्सिल घेऊन वाचला, दोनदा वाचला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, ‘चांगलं लिहिलंय. शिक्षक झालात तुम्ही.’

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मग तो रविवार. सकाळचे साडेनऊ. तिघं नाश्त्याला बसलेलो. सासरे पेपर वाचता वाचता म्हणाले, ‘चहात साखर विसरलीस का गं?’ आणि कप खाली पडला. मला वाटलं हातातून निसटला. तर त्याच्या पाठोपाठ तेही निसटले, खुर्चीवरून, बाजूला, आवाज न करता.

आता हिचं बघा. एक क्षण वाया घालवला नाही बाईने. हाक मारली, खांदे हलवले, श्वास बघितला, श्वास नाही. मला म्हणाली, ‘रुग्णवाहिकेला फोन लावा, स्पीकरवर ठेवा, दार उघडून ठेवा.’ सगळं शिकवल्याप्रमाणे, क्रमाने. गुडघ्यांवर बसली, हात छातीच्या मधोमध ठेवले, कोपर ताठ, आणि सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. थोपटल्यासारखं.

मी फोनवर पत्ता सांगतोय आणि बघतोय. तिच्या बाबांचा चेहरा राखेसारखा होत चाललाय, आणि ती मन लावून, अगदी बरोबर तालात, थोपटतेय. मी म्हटलं, जोरात दाब. ती म्हणाली, ‘बरोबर आहे माझं.’ मी म्हटलं, अगं आणखी जोरात. ‘एवढ्याला हिरवा लागायचा.’ मी म्हटलं, सरक, मी करतो. तर म्हणाली, ‘तुम्ही? तुमचा हात माझ्याहून हलका.’ तेही खरंच होतं. आणि मग सांगायचं राहिलेलं एकच उरलं.

मी म्हटलं, तो हिरवा मी लावलाय. मामाच्या छातीतला स्क्रू मी फिरवलाय, पास व्हायला. तुझा दाब निम्मासुद्धा नाहीये.

हात थांबले नाहीत तिचे. फक्त मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांचा संसार आहे आमचा, हिच्या सगळ्या नजरा मला पाठ आहेत. पाहुण्यांसमोरची वेगळी, मीठ जास्त झाल्यावरची वेगळी, माझी बहीण येऊन गेल्यानंतरची तर फारच वेगळी. ही त्यातली कुठलीच नव्हती. आणि नजर माझ्यावरून न हलवता तिने दाबलं.

कड्.

मी म्हटलं, बरगडी गेली. ती म्हणाली, ‘गप्प बसा आणि मोजा.’ मी मोजायला लागलो. एक... दोन... तीन... अहो, पाच सेंटीमीटर काय, सहा. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. ते हात तिच्या वडिलांच्या छातीवर होते, पण सांगतो तुम्हाला, दाबत ती मला होती. अकरा मिनिटं. एकदाही हात ढिला पडला नाही, कारण ढिला पडायला लागला की ती वर बघायची, आणि मी तिथे असायचोच. मग दारातून रुग्णवाहिकेची माणसं आत आली, आणि सगळ्यात पुढे कोण? सिस्टर. दुसरं कोण असणार, माझं नशीब आहे ते. त्यांनी मशीन लावलं, एक झटका दिला, दुसरा दिला... आणि पडद्यावर रेघ हलली. मी आयुष्यात हजारो पडदे चालू केलेत, पण असा रडलो नव्हतो कधी.

दवाखान्याच्या बोळात सिस्टर हिला म्हणाल्या, ‘डॉक्टर म्हणतायत दाब उत्तम मिळाला म्हणून वाचले. दोन बरगड्या गेल्यात, त्या जुळतील. पण वर्गात तर तुमचा हात हलका होता, मग...’ ही म्हणाली, ‘ह्यांना विचारा.’ आणि बाकावर जाऊन बसली. मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, बोळात. वॉर्डबॉय ऐकतोय, वॉचमन ऐकतोय, कुणाचे तरी नातेवाईक पाण्याची बाटली उघडायची थांबून ऐकतायत. सांगून झालं. सिस्टरचा वीस वर्षांचा तो आवाज, आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘बावीस जण आहेत, सर.’ मग म्हणाल्या, ‘दिवा आल्यापासून मी हात बघायचे सोडले. तेवढं माझं चुकलं.’ ते ऐकून तर मला आणखीच मेल्यासारखं झालं. त्यांचं काय चुकलं होतं हो?

दुसऱ्या दिवसापासून, आम्ही दोघं सोडून, वीस दारं. बालवाडीच्या बाईंच्या दारात उभा राहून सांगितलं, बाई, तुमचं सर्टिफिकेट खरं आहे, पण तुमचा हिरवा खोटा आहे, परत यावं लागेल. त्या म्हणाल्या, ‘आणि मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाला काही झालं असतं तर?’ ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं. ग्रंथपाल आजोबांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. सगळ्यांना परत बोलावलं, सगळ्यांची परत परीक्षा, आणि दिव्याची डबी सिस्टरनी मलाच माझ्या हातांनी काढायला लावली. आता त्या स्वतः वाकून हात बघतात.

मला वाटलं, माझी नोकरी गेली. नोकरी गेली असती तर सुटलो असतो. प्राचार्य म्हणाले, कॉन्ट्रॅक्ट चालू राहील, पण सिस्टर जे सांगतील ते करायचं. आणि घरी? सासरे महिन्याने घरी आले, छाती धरून, बायको माझ्याशी बोलायला लागली त्याला आणखी एक महिना. हेडमास्तरांनी सगळं ऐकलं होतं. मला जवळ बोलावलं, निबंध परत दिला, आणि पैकीच्या पैकीवर पेन्सिलीने काट मारून खाली लिहिलं होतं, ‘प्रात्यक्षिक बाकी.’

तर सिस्टरनी काय सांगितलं? त्यांनी हिला एकदा शांतपणे बसवून विचारलं की बाई, खरं सांगा, अकरा मिनिटं एवढा जोर आणलात कुठून, चांगले धट्टेकट्टे तीन मिनिटांत गळतात. ही म्हणाली, ‘ह्यांच्याकडे बघत होते.’ सिस्टरनी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, गंमत म्हणून लिहिलं.

गंमत नव्हती. तेव्हापासून दर बॅचला पहिल्या दिवशी मी इथे मामाच्या उशाशी उभा राहतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगतो, काही न गाळता. आणि मग ज्याचा हात हलका पडेल त्याने दाबताना वर बघायचं. गुण येतो म्हणतात. मागच्या बॅचला एक आजी होत्या, चालायला काठी, त्यांनी मामाची स्प्रिंग तोडली. ती मीच बदलली.

चला, आल्या सिस्टर. कोण येतंय पहिलं? या. गुडघे टेका, हात मधोमध, कोपर ताठ. अहं, त्याच्याकडे नाही, त्याने काय केलंय बिचाऱ्याने... वर, माझ्याकडे बघा. हां. अजून. सगळं आठवा, ते माझे सासरे, ते बावीस जण, ती बालवाडीतली मुलं... हां, आता कसा लागला जोर. उभा आहे मी, चालू द्या.